नियामक मंडळाच्या निवडणूक नियमांचा मसुदा हाती आला, आता तो तपासायचा कसा?

वाचनालय, शिक्षणसंस्था, नाट्यसंस्था, ज्ञातिसंस्था अशा संस्थांमध्ये कधीतरी सभासदांच्या हाती दहा-बारा पानांचा एक मसुदा येतो: ‘नियामक मंडळ निवडणूक नियमावली’. सोबत पत्र असतं, सूचना पंधरा दिवसांत लेखी कळवाव्यात. बहुतेक जण पहिली दोन पानं वाचून बाजूला ठेवतात. पुढे निवडणुकीत वाद झाला की प्रत्येक जण त्याच कागदातला एकेक शब्द भिंगाखाली धरतो. तेव्हा खर्ची पडणारा वेळ आणि वकिलांची फी आधीच्या चार संध्याकाळी नीट वाचून वाचवता येते.

इथे गृहीत धरलेली संस्था म्हणजे १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेली, धर्मादाय कार्यालयाच्या कक्षेतली संस्था. गृहनिर्माण सोसायटी किंवा पतसंस्था यांना १९६० चा सहकार कायदा लागू होतो आणि त्यांच्या निवडणुकांची चौकट सरकारने आखलेली असते. त्यामुळे सोसायटीच्या निवडणूक नियमांतून उचललेली कलमं तुमच्या मसुद्यात दिसली तर पहिली खूण तिथेच करा. त्या कायद्यातले अधिकारी आणि अपिलाची वाट तुमच्या संस्थेला लागूच नसते.

आधी टेबलावर काय हवं

मसुदा एकटा वाचू नका. शेजारी चार गोष्टी ठेवा: संस्थेची मंजूर घटना (धर्मादाय कार्यालयात दाखल असलेली शिक्क्याची प्रत, कपाटातली टाईप केलेली नव्हे), परिशिष्ट एकचा (धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या अधिकृत नोंदीचा) ताजा उतारा, गेल्या निवडणुकीचं इतिवृत्त आणि ज्या वर्षी निवडणूक व्हायची त्या वर्षाची दिनदर्शिका. शिक्क्याच्या प्रतीचा आग्रह एवढ्यासाठी की अनेक संस्थांत वापरात असलेली घटना आणि दाखल असलेली घटना यांत फरक निघतो. एखादी दुरुस्ती सभेत मंजूर झालेली असते, पण दाखल करायची राहून गेलेली असते. सदस्यसंख्या एकीकडे अकरा, दुसरीकडे पंधरा असेल तर मसुदा तपासण्याआधी तेच मिटवावं लागतं.

उतरंड लक्षात ठेवा. सगळ्यांत वर कायदा, त्याखाली घटना, त्याखाली निवडणूक नियम. घटनेत मुदत तीन वर्षं असेल तर नियमांत ती पाच करता येत नाही, त्यासाठी घटनाच दुरुस्त करावी लागते. घटनादुरुस्तीला किती दिवसांची नोटीस आणि किती बहुमत लागतं हे घटनेच्याच दुरुस्ती-कलमात पाहा. पुष्कळ जण इथे १८६० च्या कायद्यातलं कलम १२ पुढे करतात: तीन पंचमांश मतं आणि महिन्याच्या अंतराने दुसरी सभा. ते कलम संस्थेचे उद्देश बदलणं किंवा विलीनीकरण यांसाठी आहे. सगळ्याच नियमबदलांना ते लागत नाही.

पहिलं वाचन: गाळलेल्या जागा

पहिल्या वाचनात चूक-बरोबर ठरवू नका. पेन्सिल घेऊन फक्त हे शब्द अधोरेखित करा: योग्य वेळेत, आवश्यकतेनुसार, शक्यतो, कार्यकारिणीच्या मते, प्रचलित पद्धतीनुसार, इत्यादी. हे शब्द आले की तिथे कोणीतरी, कधीतरी, काहीतरी ठरवणार आहे आणि ते कोण, कधी, कशाच्या आधारे हे लिहिलेलं नाही, असं समजा. सध्याची मंडळी सज्जन आहेत म्हणून ते चालून जातं. नियम मात्र पुढच्या वीस वर्षांसाठी असतात, आणि त्या वीस वर्षांत एखादी निवडणूक अशी येतेच की दोन गट एकमेकांशी बोलतही नाहीत. वाचताना ती निवडणूक डोळ्यांसमोर ठेवा. प्रत्येक कलमाला तीन मतांनी पडलेल्या उमेदवाराच्या जागी बसून विचारा, ‘यात मला बोट ठेवायला जागा कुठे आहे?’

मतदार यादी: इथे सर्वाधिक वेळ द्या

मतमोजणीच्या रात्री जी भांडणं दिसतात त्यांचं मूळ बहुधा यादीत असतं. म्हणून तपासणीचा निम्मा वेळ या एका प्रकरणाला दिला तरी तो वाया जात नाही.

१८६० च्या कायद्याचं कलम १५ सांगतं की ज्याची वर्गणी तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ थकलेली आहे त्याला मतदानाचा हक्क नाही, आणि त्याची सभासद म्हणून गणनाही होत नाही. मसुद्यात ‘थकबाकीदार सभासदास मतदान करता येणार नाही’ एवढंच वाक्य असतं आणि सगळे मान डोलावतात. पण थकबाकी सुरू कधी होते? समजा वार्षिक वर्गणी १ एप्रिलला देय आहे, असं घटनेत स्पष्ट लिहिलंय. मग ज्याने ती भरलेली नाही तो जुलैच्या सुरुवातीलाच बाद होतो आणि सप्टेंबरातल्या निवडणुकीत त्याला मत नाही. आता समजा घटनेत ‘वर्गणी आर्थिक वर्षात भरावी’ एवढंच आहे. मग ३१ मार्चपर्यंत ती थकलेलीच नाही, आणि तोच सभासद सप्टेंबरात पूर्ण हक्काचा मतदार ठरतो. एका तारखेवरून शेकडो मतं इकडची तिकडे होतात. मसुद्यात देय दिनांक नसेल तर पहिली सूचना हीच लिहा. कलम १५ पेक्षा कडक अट घालायची असेल, उदाहरणार्थ एका महिन्याच्या थकबाकीवर मत काढून घ्यायचं असेल, तर तिला घटनेचा आधार आहे का हे वकिलाला विचारून घ्या.

दुसरा मुद्दा पात्रता दिनांकाचा. म्हणजे कोणत्या दिवशीच्या नोंदीवरून यादी बनणार? तो दिवस मसुद्यात नसेल तर निवडणूक जाहीर झाल्यावर एकाच हस्ताक्षरातले साठ सभासदत्व अर्ज एकाच दुपारी येतात आणि साठांची वर्गणी एकच माणूस रोख भरतो. यावर उपाय साधे आहेत. नव्या सभासदाला मताधिकार सभासदत्व मंजूर झाल्यापासून किमान सहा महिन्यांनी, शक्यतो वर्षाने मिळावा. पात्रता दिनांक मतदानाच्या किमान ६० दिवस आधीचा असावा. प्रत्येक पावतीवर पैसे भरणाऱ्याचं नाव आणि भरण्याचा मार्ग नोंदला जावा. ‘मंजूर’ म्हणजे कार्यकारिणीच्या ठरावाची तारीख. अर्ज दिल्याची तारीख नव्हे, हेही शब्दांत यायला हवं. उलट बाजूही पाहा: कार्यकारिणी नको असलेल्यांचे अर्ज वर्षभर दाबून ठेवू शकते का? तेव्हा अर्जावर ६० दिवसांत निर्णय झाला पाहिजे आणि नकाराचं कारण लेखी दिलं पाहिजे, असं कलम सुचवा.

आजीव सभासद हा जुन्या संस्थांचा मोठाच प्रश्न. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी ठरावीक रक्कम भरून झालेले सभासद, त्यांतले कित्येक हयात नाहीत, कित्येकांचे पत्ते चाळी पाडल्या गेल्यापासून चुकलेले. गणपूर्ती ‘एकूण सभासदांच्या एक तृतीयांश’ असेल तर ही नावं गणपूर्ती कधीच पुरी होऊ देत नाहीत. पण त्यांना परस्पर वगळणंही चूक आहे. दर निवडणुकीआधी वर्षभर पडताळणी, पत्ता-दुरुस्तीचा अर्ज, नोटीस फलकावर आणि एका स्थानिक दैनिकात जाहिरात, आणि त्यानंतरच ‘संपर्क नाही’ अशी स्वतंत्र यादी, हा क्रम नियमांत असावा. त्या यादीतला माणूस ओळखपत्र घेऊन अंतिम यादीआधी आला तर त्याचं नाव परत घ्यायचं, हे वाक्य विसरू नका.

कच्ची यादी, हरकतींना किमान १० दिवस, हरकतीवर कारणांसह लेखी निर्णय, मग अंतिम यादी. अंतिम यादीनंतर तीत कोणालाही, अध्यक्षांनाही, बदल करता येऊ नये. आणि यादीची प्रत प्रत्येक उमेदवाराला त्याच दिवशी, त्याच किमतीत मिळावी. एका गटाला यादी आधी मिळणं ही जिथे-तिथे ऐकू येणारी तक्रार आहे आणि ती एका ओळीने मिटते.

निवडणूक निर्णय अधिकारी

तो उमेदवार नसावा, सूचक-अनुमोदक नसावा, उमेदवाराचा जवळचा नातेवाईक नसावा आणि संस्थेचा पगारी नोकरही नसावा. नेमणूक शक्यतो सर्वसाधारण सभेने करावी, कारण कार्यकारिणीतलेच बरेच जण पुन्हा उभे राहणार असतात. त्याने मध्येच राजीनामा दिला तर? पर्यायी नाव त्याच ठरावात असू द्या. यादी, कार्यालय, शिक्का आणि एक कारकून त्याच्या ताब्यात कोणत्या दिवसापासून येतात, हेही लिहिलेलं हवं. नाहीतर नेमणूक कागदावर राहते आणि किल्ल्या जुन्या चिटणीसांकडे.

कार्यक्रम दिनदर्शिकेवर मांडून पाहा

मसुद्यात दिवसांची संख्या असते. ती खऱ्या तारखांवर मांडल्याशिवाय तिच्यातली खोच कळत नाही. एक उदाहरण घेऊ. मतदान रविवार, २७ सप्टेंबर २०२६. मसुदा म्हणतो, बाहेरगावच्या सभासदांना मतपत्रिका १५ दिवस आधी टपालाने पाठवाव्यात आणि त्या मतदानाच्या दोन दिवस आधीपर्यंत पोचल्या पाहिजेत. कागदावर छान दिसतं. आता तारखा टाका. मतपत्रिका निघणार शनिवारी, १२ सप्टेंबरला. १३ ला रविवार, १४ ला गणेश चतुर्थी. म्हणजे टपाल खरं हलणार १५ तारखेला. मुंबईतला चाकरमानी सभासद तोवर कोकणात गावी पोचलेला, आणि त्याची मतपत्रिका मुंबईच्या बंद दारावर. परत येण्याची शेवटची तारीख २५ सप्टेंबर, म्हणजे अनंत चतुर्दशी. त्या दिवशी मुंबई-पुण्यात टपाल वाटलं जाईल या भरवशावर निवडणूक ठेवता येत नाही. उपाय दोन: टपाल-मतपत्रिकांना किमान २५ दिवस द्या, आणि ‘शेवटचा दिवस सुटीचा असल्यास पुढचा कामाचा दिवस धरावा’ हे कलम घाला. ते घातल्यावर पुढचे सगळे टप्पे एकमेकांवर आदळत नाहीत ना, हे पुन्हा मांडून पाहा.

टपालाचे शब्दही जुने झालेत. कित्येक मसुद्यांत अजून ‘यूपीसीने’ (साधं पत्र टपालात टाकल्याचा दाखला घेऊन) असं असतं. ती सोय २०११ मध्ये बंद झाली. ‘रजिस्टर पोस्टाने’ असेल तर तीही सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाली. ‘पोच किंवा ट्रॅकिंग नोंद मिळेल अशा टपालसेवेने’ असं लिहिलं की सेवेचं नाव बदललं तरी नियम टिकतो.

‘१४ दिवसांची नोटीस’ आणि ‘पूर्ण १४ दिवसांची नोटीस’ यांत फरक पडतो. ‘पूर्ण’ लिहिलं तर नोटिशीचा दिवस आणि सभेचा दिवस दोन्ही वगळायचे. २७ च्या सभेसाठी नोटीस उशिरात उशिरा १२ तारखेला द्यावी लागते. १३ ते २६ हे मधले चौदा दिवस. ‘नोटीस दिली’ म्हणजे टपालात टाकली की सभासदाला मिळाली, हेही एकदाच ठरवून टाका.

अर्ज, छाननी, माघार

इथे भर छाननीवर द्या. अर्ज किरकोळ चुकीसाठी बाद करण्याचा अधिकार ज्याच्या हाती, निवडणूक त्याच्या हाती. सार्वत्रिक निवडणुकांच्या १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम ३६ मध्ये स्पष्ट म्हटलंय की ठळक स्वरूपाच्या नसलेल्या दोषासाठी उमेदवारी फेटाळू नये. तोच विचार आपल्या शब्दांत आणा. कोणत्या त्रुटी भरून देता येतील (यादीतला क्रमांक चुकणं, पत्त्यातला फरक) आणि कोणत्या नाही (सही नसणं, सूचक मतदारच नसणं, मुदतीनंतरचा अर्ज) याची छोटी यादी मसुद्यातच हवी. छाननीला उमेदवाराला हजर राहता यावं आणि बाद केल्याचं कारण त्याच दिवशी लेखी मिळावं.

माघारीचा अर्ज उमेदवाराच्या सहीचा असावा आणि त्याने स्वतः किंवा लेखी अधिकार दिलेल्या सूचकाने आणून द्यावा. व्हॉट्सअ‍ॅपवरची माघार मान्य नाही, असं आता लिहावंच लागतं.

जागा अकरा आणि अर्ज आठच आले तर? आठ बिनविरोध हे सगळे लिहितात. उरलेल्या तीन जागांचं काय, ते बहुधा राहून जातं. महिलांसाठी किंवा अन्य गटासाठी राखीव जागेवर अर्ज न आल्यासही तेच. पुन्हा अर्ज मागवायचे की ठरावीक मुदतीत मंडळाने भरायची, एक काहीतरी निवडा.

मतदानाची पद्धत: आकडे घालून पाहा

अकरा जागा, प्रत्येकाला अकरा मतं, सर्वाधिक मतांचे अकरा निवडून, ही पद्धत बहुतेक मसुद्यांत विचार न करता आलेली असते. ४०० जणांनी मतदान केलं, दोन पॅनेल आहेत, एकाचे २१० पक्के आणि दुसऱ्याचे १९०. या पद्धतीत निकाल लागतो अकरा विरुद्ध शून्य. १९० सभासदांचा एकही प्रतिनिधी मंडळात नाही, आणि पुढची तीन वर्षं ते संस्थेबाहेरून तक्रारी करत राहतात.

पसंतीक्रमाच्या पद्धतीत, म्हणजे मतदार उमेदवारांपुढे १, २, ३ असा क्रम लिहितो आणि एकाची जादा मतं पुढच्या पसंतीकडे जातात तिथे, चित्र वेगळं. राज्यसभेच्या आणि विधान परिषदेच्या निवडणुका अशा होतात, आणि मुंबई विद्यापीठाच्या अधिसभेतला नोंदणीकृत पदवीधर गटही असाच निवडला जातो. कोटा, म्हणजे निवडून यायला लागणारी मतं, काढायचा तर वैध मतपत्रिकांना जागा अधिक एकने भागायचं आणि पूर्णांकात एक मिळवायचा: ४०० भागिले १२, म्हणजे ३३ आणि थोडं, कोटा ३४. दोन्ही बाजूंनी आपापल्या पॅनेललाच पसंती दिली तर २१० मध्ये सहा कोटे बसतात, १९० मध्ये पाच. निकाल सहा विरुद्ध पाच. मोजणी अवघड आहे, चार-पाच तास लागतात आणि जाणकार माणूस हवा, हे खरं. तरी ज्या संस्थेत दोन तट कायमचे पडलेत तिथे आमचा कौल याच पद्धतीला आहे. मोजणीची रीत मात्र नियमांच्या जोडपत्रात उदाहरणासह छापलेली असली पाहिजे. ‘राज्यसभेप्रमाणे’ एवढं लिहून भागत नाही.

जुनीच पद्धत ठेवायची असेल तर एक शब्द नक्की तपासा. ‘प्रत्येक मतदाराने ११ मते द्यावीत, कमी दिल्यास मतपत्रिका बाद’ अशी अट असेल तर ती काढायला लावा. ज्याला सहाच माणसं ठाऊक आहेत त्याला उरलेली पाच नावं पॅनेलच्या चिठ्ठीवरून भरावी लागतात. ‘११ पर्यंत मते देता येतील’ एवढा बदल पुरे. ११ पेक्षा जास्त खुणा, ओळख पटवणारी सही किंवा मजकूर, निर्णय अधिकाऱ्याची सही नसलेली मतपत्रिका, ही बाद ठरवण्याची कारणं मोजून लिहा. त्याबाहेरच्या कारणाने बाद करता येणार नाही असंही लिहा. समान मतं पडल्यास दोन्ही उमेदवारांसमोर चिठ्ठी टाकून निर्णय. अध्यक्षांचं निर्णायक मत इथे नको, ते सभेच्या ठरावांसाठी असतं.

मोबाईलवरून मतदान सुचवलं असेल तर एकाच क्रमांकावर घरातले तीन सभासद नोंदलेले आहेत का, हे आधी पाहा. आणि कोणी कोणाला मत दिलं हे यंत्रणा चालवणाऱ्याला दिसतं का, याचं लेखी उत्तर मागा.

सूचना कशा लिहायच्या

‘कलम ९ अन्यायकारक आहे’ अशी सूचना समिती वाचते आणि बाजूला ठेवते. प्रत्येक सूचनेत चार गोष्टी द्या: कलम क्रमांक, मूळ मजकूर, त्यातून होणारी नेमकी अडचण, आणि तुम्ही सुचवलेला तयार मजकूर. उदाहरणार्थ:

मूळ मजकूर: ‘निवडणुकीबाबतच्या तक्रारींवर कार्यकारिणीचा निर्णय अंतिम राहील व कोणासही न्यायालयात जाता येणार नाही.’

अडचण: ज्यांच्या निवडीवर तक्रार आहे तेच निर्णय देणार. शिवाय कायदेशीर दाद मागण्याचा हक्क असा पूर्णपणे काढून घेता येत नाही, त्यामुळे कलमाचा दुसरा भाग टिकणारा नाही.

पर्यायी मजकूर: ‘निकाल जाहीर झाल्यापासून ७ दिवसांत लेखी तक्रार करता येईल. सर्वसाधारण सभेने निवडणुकीपूर्वी नेमलेली, उमेदवार नसलेल्या तीन सभासदांची समिती दोन्ही बाजू ऐकून २१ दिवसांत कारणांसह निर्णय देईल.’

एकदम चाळीस सूचना पाठवू नका. आठ-दहा महत्त्वाच्या वर, भाषेच्या चुका शेवटी वेगळ्या. पत्राची पोच घ्या.

निकालानंतरचे कागद

हा भाग मसुद्यात सर्वांत त्रोटक असतो. मंडळ बदललं की १९५० च्या कायद्याच्या कलम २२ खाली ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. त्या अर्जाला लागणारे कागद नियमांतून आपोआप तयार होतात का, हे एकेक करून तपासा: नोटीस व कार्यक्रमपत्रिका, नोटीस पाठवल्याचा पुरावा, अंतिम मतदार यादी, हजेरी किंवा मतदानाची सही-नोंद, निर्णय अधिकाऱ्याचा सहीचा निकालपत्रक, सभेचं इतिवृत्त, निवडून आलेल्यांची संमतीपत्रं. संमतीपत्र उमेदवारी अर्जासोबतच घेतलं तर नंतर दारोदार फिरावं लागत नाही. अर्ज कोणी द्यायचा, तेही नाव घालून ठरवा. जुन्या चिटणिसांना घाई नसते आणि नव्यांच्या हाती कागद नसतात, असा मधला काळ ९० दिवस सहज खातो.

नव्या मंडळाची पहिली सभा कोण बोलावणार? निर्णय अधिकाऱ्याने १५ दिवसांत बोलवावी आणि पदाधिकारी निवडेपर्यंत त्यानेच चालवावी, हे सोयीचं. मतदान जुन्या मंडळाची मुदत संपण्याच्या किमान ३० दिवस आधी व्हावं. लांबलं तर जुन्या मंडळाने पगार, बिलं, दैनंदिन कामकाज एवढंच पाहावं, नेमणुका आणि मालमत्तेचे व्यवहार करू नयेत.

रिकाम्या झालेल्या जागेवर घेतलेला सदस्य उरलेल्या मुदतीपुरताच, आणि अशा स्वीकृत सदस्यांची संख्या बांधलेली, अकरांत दोन. हे नसेल तर पाच राजीनाम्यांनंतर न निवडलेलं मंडळ कारभार करू लागतं.

‘मतपत्रिका ३० दिवसांनी नष्ट कराव्यात’ हे वाक्य बऱ्याच मसुद्यांत असतं. ते बदलून घ्या. बदल अर्जावर हरकत आली तर चौकशी लांबते, आणि तेव्हा मोहोरबंद मतपत्रिका हाच एकमेव पुरावा असतो. बदल अर्जाचा आणि त्यावरच्या अपिलाचा निकाल लागेपर्यंत त्या दोन कुलपांच्या पेटीत राहाव्यात, एक किल्ली निर्णय अधिकाऱ्याकडे, दुसरी नव्या चिटणिसांकडे.

शेवटच्या पानावरचं कलम पाहायचं राहू देऊ नका: हे नियम कधीपासून लागू? ‘मंजुरीच्या दिवसापासून’ असं असेल आणि निवडणूक आधीच जाहीर झालेली असेल, तर अर्धी निवडणूक जुन्या नियमांनी आणि अर्धी नव्या नियमांनी होते. ‘मंजुरीनंतर जाहीर होणाऱ्या पहिल्या निवडणुकीपासून’ असं लिहून घ्या.